तोंड पाहून गळ

गणपती बोळवून होतात आणि भीमेचं पाणी रंग बदलू लागतं. आषाढ-श्रावणात वरून आलेला तांबडा लोंढा ओसरतो, गाळ खाली बसतो, वीतभर खोलीवरचा दगड पुन्हा दिसायला लागतो. याच सुमारास दौंडपासून खाली भिगवणपर्यंत काठाकाठानं माणसं दिसू लागतात. कुणी पुलाच्या खांबाशी उकिडवं बसलेलं, कुणी बाभळीच्या सावलीत पोतं अंथरून. हातात काठी आणि नजर पाण्यावरच्या एका ठिपक्यावर. जवळ जाऊन पाहिलं तर तो ठिपका बहुधा जुन्या स्लिपरचा तुकडा निघतो. तळ झिजला, अंगठा तुटला की स्लिपरचं निळं-पांढरं रबर विळ्यानं कापायचं, तापल्या खिळ्यानं मधोमध भोक पाडायचं आणि त्यातून दोरा ओवायचा. तरंगा तयार. खर्च शून्य, आणि बुडायचा म्हणून नाही.

अशा एखाद्या स्लिपरवाल्या पोराच्या शेजारी शहरातून आलेला हौशी माणूसही असतो. खेचली की लांब होणारी काठी, चकाकतं रीळ, कप्प्याकप्प्यांची पेटी, पेटीत रंगीत प्लास्टिकचे मासे. गोष्टीत असतं तर पोरानं दोन किलोचा रोहू काढला असता आणि साहेबाचं नाक कापलं गेलं असतं. प्रत्यक्षात सकाळभर दोघांचेही तरंगे जागचे हलत नाहीत.

“पानी उतरतंय काका,” पोरगं म्हणतं. “आज काय लागायचं न्हाई.”

“मग तू कशाला बसलायस?”

“घरी काय करू?”

नवशिक्याला नदीकाठी मिळणारा हा बहुधा पहिला सल्ला, आणि त्यात सामानाचा एक शब्दही नाही.

सामानाचा शब्द निघतो तो बाजारात. तालुक्याच्या गावात मासेमारीचं वेगळं दुकान क्वचितच असतं. दोरखंड, जाळी, ताडपत्री, मोटेच्या जमान्यातून उरलेली कसल्याकसल्या कड्या-साखळ्या विकणाऱ्या दुकानातच एका फळीवर तंगुसाची, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याची रिळं आणि कागदी पुड्यांतले गळ ठेवलेले असतात. दुकानदार विचारतो, “कुठल्या माशासाठी पाहिजे?” नवशिक्या मोठ्या मनानं सांगतो, “कुठलाही चालेल.” इथंच त्याचा खिसा हलका व्हायला सुरुवात होते. कारण कुठल्याही माशासाठी म्हणून जो गळ मिळतो तो बोटभर लांबीचा, जाडजूड, भारदस्त असतो. बघून छाती फुगते. आणि भीमेतल्या निम्म्याअधिक माशांच्या तोंडात तो शिरतच नाही.

नदीत गळ टाकायचा तर आधी तोंडं ओळखायची. माशाचं तोंड कुठं आहे, केवढं आहे आणि कशाला सरावलेलं आहे, यावर गळ, दोरा, तरंगा, आमिष, अगदी बसायची जागासुद्धा ठरते. कटल्याचं डोकं मोठं आणि खालचा ओठ वर उचललेला. तो वरच्या थरातलं तरंगतं अन्न टिपतो. रोहूचं तोंड किंचित खाली वळलेलं, ओठांना झालर. तो मधल्या थरात फिरतो, झाडपाला आणि शेवाळ खरवडतो. मृगळ तळाचा गाळ चाळतो. हे तिघं मूळचे उत्तरेकडच्या मोठ्या नद्यांचे. आपल्या धरणांत त्यांचं बीज सोडलं गेलं आणि तिथून ते नद्यांत पसरले. तळ्यात तिघांना एकत्र वाढवतात तेही याच कारणानं, की एकाच पाण्यात ते तीन मजल्यांवर जेवतात आणि एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत. गळवाल्यानं यातून घ्यायचं ते एवढंच: कटला हवा असेल तर तळाशी पडलेलं आमिष वाया गेलं, आणि मृगळ हवा असेल तर हातभर खोलीवर लोंबणारं.

काही तोंडं गळासाठी नसतातच. सह्याद्रीच्या ओढ्यांत दगडाला चिकटून राहणाऱ्या मळ्याच्या तोंडामागं एक चकती असते. तिच्या जोरावर तो वाहत्या पाण्यात दगडाला धरून शेवाळ खातो. त्याला कणकेची गोळी दाखवून उपयोग नाही. दुसरीकडे मरळीचा जबडा बघितला की वाटतं, हिला काहीही चालेल. खालून वर आलेला रुंद जबडा, आत दात. ती पाणवनस्पतींच्या आडोशाला दबा धरून असते. पुढून बेडूक किंवा छोटा मासा गेला की झडप. मरळ पाण्यावर येऊन हवा घेते, म्हणून बाजारात ती तासन्‌तास जिवंत राहते, आणि म्हणूनच नदीकाठी बसलेल्याला तिचा ठावठिकाणा कळतो. शांत पाण्यात त्याच त्या जागी थोड्या थोड्या वेळानं बुडबुडा फुटला की जाणकार तिकडं मान वळवतो. वाम या सगळ्यांहून निराळी. तिच्या लांब नाकाच्या शेंड्याला हलणारं मांसल टोक असतं. त्यानं ती रात्री गाळ आणि कपारी चाचपते. तिला गांडूळ हवं, तळाशी हवं आणि अंधारात हवं.

तेव्हा गळ घ्यायचा तो लहान. गळांच्या आकड्यांचा हिशेब उलटा आहे, तो समजेपर्यंत नवशिक्या गोंधळतो: आकडा वाढत जाईल तसा गळ बारीक होत जातो. बारा नंबरचा गळ सहा नंबरपेक्षा लहान. एक नंबरच्या पुढं मात्र गाडी फिरते. तिथं शून्याची जोड लागते आणि मग आकड्याबरोबर गळही वाढतो. चिलापी आणि इतर छोट्या माशांसाठी आठ ते बारा, किलो-दीड किलोच्या रोहू-मृगळासाठी चार ते सहा, मरळीसाठी एक-शून्य, एवढ्यावर पहिलं वर्ष आरामात निघतं. लहान गळात मोठा मासा लागू शकतो, मोठ्या गळात लहान मासा लागत नाही. टोकाची धार अंगठ्याच्या नखावर तपासतात. टोक नखावर हलकेच ओढायचं. ते अडकलं तर गळ ठीक, घसरलं तर बोथट. पुडीतला नवा गळही कधी कधी घसरतो.

दोऱ्याचंही तेच. नायलॉनचा तंगूस सर्रास मिळू लागायच्या आधी सुताच्या, तागाच्या, रेशमाच्या दोऱ्या वापरात होत्या. त्या पाण्यात भिजून फुगायच्या, वापर झाला की वाळवाव्या लागायच्या. तंगुसाला ते सोपस्कार नाहीत, म्हणून माणूस त्याच्याबाबतीत निष्काळजी होतो. ‘तुटायला नको’ म्हणून जाड घेतो. जाड दोरा पाण्यात दिसतो, रिळावरून सुटताना वेटोळी धरतो आणि आमिष नैसर्गिकपणे बुडू देत नाही. आठ पौंडांचा, म्हणजे साधारण साडेतीन किलोचा ताण सोसणारा दोरा भीमेच्या संथ पाण्यात पुरतो. पाण्यात माशाचं वजन दोऱ्यावर पडत नाही, पडतो तो त्याच्या धावेचा झटका; आणि तो झटका दोऱ्यापेक्षा वाकणाऱ्या काठीनं झेलायचा असतो. तुटतो तेव्हा दोरा बहुतेक वेळा गाठीशी तुटतो. गळाच्या डोळ्यातून दोरा ओवून त्याच दोऱ्याभोवती पाच-सहा वेढे द्यायचे, टोक मागं फिरवून डोळ्याजवळच्या फाशातून काढायचं आणि आवळण्याआधी गाठ थुंकीनं ओली करायची. कोरडी गाठ आवळताना घर्षणानं तापते आणि नायलॉन तिथंच कमजोर पडतं. या थुंकीची काहींना किळस येते. अर्ध्या तासापूर्वी त्याच हातांनी गांडूळ तोडलेलं असतं, हे तेव्हा आठवत नाही.

काठीबद्दल फार बोलण्यासारखं नाही. चार मीटरचा, शेंड्याला लवचीक, सावलीत वाळवलेला बांबू कुठल्याही नवशिक्याला वर्षभर पुरेल. रीळ नसलं तर दोरा काठीएवढाच बांधायचा; त्यानं फेक लांब जात नाही, पण नदीतले बरेच मासे काठापासून दोन-तीन मीटरवरच चरत असतात आणि हौशी माणूस त्यांच्या डोक्यावरून नदीच्या मध्यावर आमिष फेकत बसतो. विकत घ्यायचीच असेल तर फायबरग्लासची घडीची काठी बरी. कार्बनची काठी हलकी आणि देखणी, पण कार्बनमधून वीज वाहते. वरून विजेच्या तारा गेल्या असतील किंवा परतीच्या पावसाचं आभाळ गडगडायला लागलं असेल, तर ती उभी धरणं जिवावर बेतू शकतं.

सामानाच्या या चर्चेला आपल्याकडं नऊशे वर्षांची परंपरा आहे, हे बहुतेक गळवाल्यांच्या गावीही नसतं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं ११२६ ते ११३८ या काळात राज्य केलं. त्याची कल्याणी म्हणजे सोलापूरच्या पलीकडं, बिदर जिल्ह्यातलं आजचं बसवकल्याण. या राजाच्या नावावर ‘मानसोल्लास’ हा शंभर अध्यायांचा संस्कृत ग्रंथ आहे. राज्यकारभार, स्वयंपाक, हत्ती, रत्नं, संगीत अशा विषयांच्या जोडीनं त्यात ‘मत्स्यविनोद’ नावाचा अख्खा अध्याय येतो. समुद्रातले मासे कोणते, नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते. त्यांना काय खाऊ घालून एका जागी रुळवायचं. दोरी, काठी, गळ कसा असावा. भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाचे संचालक राहिलेले मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या अध्यायावर स्वतंत्र लेख लिहिला. राजाला मासे धरून पोट भरायचं नव्हतं. त्याला करमणूक हवी होती. तरी त्याची सुरुवात आधी माशांच्या जाती आणि त्यांचं खाणं यांपासूनच होते, दोरी-काठी नंतर.

आमिषाची गोष्ट घरातल्या ओट्यापासून सुरू होते. कणीक घट्ट मळायची, पण चिरा पडतील इतकी घट्ट नाही. पुरणपोळीची कणीक जशी कानाच्या पाळीइतकी मऊ असावी म्हणतात, त्याहून थोडी चिवट. तीत कापसाचे दोन-चार तंतू विंचरून मळले की गोळी पाण्यात लवकर विरघळत नाही. वासासाठी भाजलेली शेंगदाण्याची पेंड, चिमूटभर हिंग, कुटलेली बडीशेप किंवा मेथी. गोळी करायची ती गळ झाकला जाईल एवढीच, टोक जेमतेम आत राहील अशी. लिंबाएवढा गोळा लावणाऱ्याला मासे चारही बाजूंनी कुरतडून फस्त करतात आणि त्याला पत्ता लागत नाही.

बसायच्या जागी आधी चारा टाकायचा. भिजवलेली पेंड, शिळा भात, कुस्करलेली भाकरी यांचे मुठीएवढे लाडू करून एकाच ठिकाणी सोडायचे, आणि मग थांबायचं. इथं ‘पी हळद आणि हो गोरी’ चालत नाही. अर्धा तास तरी काहीच घडत नाही. मग कधीतरी पाण्यावर बारीक बुडबुड्यांची एक ओळ उमटते: खाली कुणीतरी गाळ उकरतं आहे. रोहूच्या जातभाईंना जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. अन्न आधी ओठांनी चाचपून, चोखून पाहिलं जातं, नको असेल तर थुंकलं जातं. तरंग्याच्या त्या पहिल्या दोन-तीन कापऱ्या हालचाली म्हणजे ही चाचपणी. त्याच वेळी काठी हिसडणारा नवशिक्या माशाच्या ओठांतून आमिष काढून घेतो.

गांडूळ हे मात्र सर्वमान्य आमिष. मोरीचं सांडपाणी जिरतं त्या ओल्या जागेत, केळीच्या बुंध्याशी, शेणखताच्या उकिरड्याच्या कडेला खुरप्यानं दोन घाव घातले की सकाळची बेगमी होते. भोकं पाडलेल्या डब्यात ओली माती आणि पालापाचोळा घालून ती सावलीत ठेवायची. उन्हात राहिलेला डबा तासाभरात निकामी होतो. कोकणात याच गांडुळाला काडू म्हणतात आणि गळाला गरी. तिथल्या पोरांच्या शाळेबाहेरच्या शिक्षणात काडू शोधणं आणि गरी टाकणं हे दोन विषय येतातच. खाडीच्या तोंडाकडं सरकलं की काडू मागं पडतो आणि जिवंत कोळंबी लागते, कारण तिथं दगडाच्या कपारीत तांबोशी असते, आणि तिचा जबडा कणकेसाठी बनलेला नाही.

नदीकाठच्या उंबराखाली बसणाऱ्याला आणखी एक आमिष फुकट मिळतं. पिकलेलं उंबर पाण्यात पडलं की ‘डुब’ असा आवाज होतो आणि महसीर त्या आवाजावर येतो. महसीर फळं खातो, खेकडे खातो, गोगलगायी घशातल्या दातांनी फोडतो. दख्खनच्या निळसर परांच्या महसीराचं शास्त्रीय वर्णन कर्नल विल्यम हेन्री साइक्स यानं १८३९ साली केलं, आणि तो नमुना त्याला मिळाला होता पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठेत. साइक्स मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करत फिरत होता आणि फिरता फिरता मासे, पक्षी, पिकं सगळं टिपत होता. त्यानं माशांची स्थानिक नावंच शास्त्रात नेली: खुद्री, कोळस, मळ्या, नुक्ता. यातल्या नुक्त्याचं नाक पुढं आलेलं आणि तोंड त्याच्या खाली दडलेलं. मुळा-मुठेच्या त्या पट्ट्यात आज पुण्याचं सांडपाणी वाहतं. तिथल्या काठावर कुणी गांडुळाचा डबा घेऊन बसलेला दिसलाच, तर त्याच्या पिशवीत बहुधा चिलापी असते.

चिलापी ही आफ्रिकेची पाहुणी. १९५२ साली ती भारतात आणली गेली, आणि आता उजनी धरणाच्या पाण्यात आणि भिगवणच्या मासळीबाजारात तिचंच राज्य आहे. १९८० साली पुरं झालेल्या या धरणानं वाहत्या भीमेचं एक मोठं उभं पाणी केलं, आणि उभं पाणी चिलापीला मानवलं. नवशिक्याची पहिली मासळी बहुतेकदा हीच असते. तिचं तोंड छोटं, भूक मोठी, संशय कमी. दहा नंबरचा गळ, वाटाण्याएवढी गोळी किंवा गांडुळाचा नखभर तुकडा, आणि काठापासून दोन हातांवर तरंगा. एखाद्या दिवशी मात्र पाण्यात मोठी चिलापी स्पष्ट दिसते आणि आमिष नाकासमोर असून ढुंकून बघत नाही. मादी अंडी घालून झाली की ती तोंडात धरते आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत तोंडातच सांभाळते. तेवढे दिवस तिचा जवळजवळ उपासच असतो. तोंड बघून गळ लावायचा म्हणतात त्यात हेही आलं, की तोंड रिकामं आहे का ते बघायचं.

कृष्णेच्या खोऱ्यात याहून विलक्षण तोंड आहे. मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९५२ साली एका लहान बिनखवल्याच्या माशाची नवी जात म्हणून नोंद केली आणि शास्त्रीय नावातच त्याचा धंदा सांगून टाकला: खवलचोर. हा मासा दुसऱ्या माशांच्या अंगावरचे खवले ओरबाडून खातो. काठावर बसलेल्याला एखाद्या रोहूच्या अंगावर मधेच उघडा पडलेला डाग दिसला तर तो दरवेळी जाळ्याचा नसतो.

तोंडं ओळखायचा अभ्यास करायचा तर सर्वांत चांगली शाळा तिथं आहे जिथं गळ चालत नाही. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. तिथले महसीर देवीचे, त्यांना कुणी धरत नाही. देहूला इंद्रायणीच्या डोहातल्या माशांनाही असंच अभय. अशा डोहाशी बसून चुरमुऱ्याची मूठ टाकावी आणि बघावं. मोठे मासे लगेच येत नाहीत. आधी बारकी पिल्लं दाणे ढकलतात, मग मधल्या आकाराचे घुसतात, आणि थोराड मासे खालून, उशिरा, एका बाजूनं येतात. कुणी दाणा वरून टिपतो, कुणी बुडेपर्यंत थांबतो. कुणी तोंडात घेऊन परत सोडतो. काठावर कुणी पाय आपटला की सगळे एका क्षणात नाहीसे. रोहू, महसीर, शिंगाडा या मंडळींच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते. पाण्यातला आवाज ती थेट कानात पोचवते. काठावरच्या गप्पा त्यांना फारशा कळत नाहीत, पण बुटाची टाच कळते. आल्याआल्या काठावर फतकल मारून पेटी आदळणाऱ्यानं पुढचा अर्धा तास स्वतःच्या हातानं घालवलेला असतो.

जागा निवडताना पाण्याचा वेग बघायचा. जिथं वेगाचं पाणी आणि संथ पाणी एकमेकांना घासून जातं ती रेघ, पुलाच्या खांबामागचा आडोसा, ओढा नदीला मिळतो ते तोंड, वळणावरची खोल बाजू. अन्न इथं आपोआप वाहत येतं, माशाला ताकद खर्चावी लागत नाही. वेळ पहाटेची आणि तिन्हीसांजेची. वैशाखात दुपारी मासा खोल जातो आणि शहाणा माणूस घरी झोपतो.

तरंगा बोलतो त्याची भाषा कळायला दिवस जातात. चिलापी टुकटुक करते. शिंगाडा तरंगा आडवा ओढत नेतो, विचारपूस नाही. मृगळाच्या वेळी गंमत होते: तो तळावरून आमिष उचलतो, त्याबरोबर दोऱ्याला वजनासाठी लावलेली शिशाची गोळीही उचलली जाते आणि तरंगा बुडायच्या ऐवजी वर येऊन आडवा पडतो. नवशिक्या तरंगा बुडायची वाट बघत राहतो आणि मासा जेवून जातो.

मासा हातात आला की खरी फजिती. शिंगाड्याच्या पाठीवरचा आणि गालांमागचा काटा करवतीदार असतो. त्याला मुठीत धरायला गेलेला माणूस पुन्हा ती चूक करत नाही. वामीच्या पाठीवर काट्यांची रांग असते. परत सोडायचा मासा असेल तर हात आधी ओले करायचे, कारण कोरड्या हातानं अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथं बुरशी धरते. गळाच्या टोकामागचा उलटा काटा पकडीनं दाबून टाकला तर मासा सोडवणं सोपं जातं. स्वतःच्या बोटात गेलेला गळ काढणंही.

दोन-तीन गोष्टी सामानाच्या यादीत नसतात. धरणांतल्या आणि अनेक तलावांतल्या मासेमारीचे हक्क मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेले असतात. हौशी माणसाची काठी त्यांच्या पोटावर पाय देऊ शकते, म्हणून बसण्याआधी विचारावं. बहुतेक ठिकाणी ‘बसा की’ हेच उत्तर मिळतं. वाळूउपशानं नदीच्या तळात कुठंही पुरुषभर खड्डे पडलेले असतात, तेव्हा गुडघाभर पाणी आहे म्हणून पुढं सरकू नये. वरच्या धरणातून विसर्ग सुटला की भोंगा वाजतोच असं धरून चालू नये. पाणी गढूळ झालं, काडीकचरा वाहायला लागला की सामान आवरावं. आणि सुरुंग किंवा विष घालून मासे मारणारा कुणी दिसला तर त्याच्या टोपलीचं कौतुक करू नये. १८९७ च्या कायद्यापासून तो गुन्हा आहे.

पहिल्या पावसात कोकणातल्या ओढ्यांत आणि भाताच्या खाचरांत चढणीचे मासे येतात. ठाणे-पालघरकडं त्यांनाच वळगणीचे म्हणतात. त्या रात्री अख्खं गाव विजेऱ्या घेऊन बाहेर पडतं, चुलीवर गाभोळी शिजते, आणि त्या रात्रीच्या आठवणी माणसं जन्मभर सांगतात. पण चढणारी जवळजवळ प्रत्येक मादी अंड्यांनी भरलेली असते. समुद्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. ओढ्यावर असा पहारा नाही. तिथं ज्यानं त्यानं ठरवायचं असतं. ज्याला पुढच्या हिवाळ्यात गळ टाकायचा आहे त्यानं आषाढात तरी काठी माळ्यावर ठेवावी.

आणखी एक. नदीवर आलेला प्रत्येक जण कधी ना कधी गळ खडकात अडकवतो, दोरा तोडतो आणि उरलेला गुंता तिथंच टाकून उठतो. तंगूस कुजत नाही. इंग्लंडमध्ये १९८७ साली गळाच्या दोरीला लावायच्या शिशाच्या गोळ्यांवर बंदी आली, ती हंसांच्या पोटात शिसं जाऊन ते मरायला लागल्यावर. आपल्याकडं हिवाळ्यात भिगवणच्या पाणथळीत रोहित पक्षी येतात, पट्टकादंब येतात, आणि ते उथळ काठावरच चालतात. जिथं गळवाले बसतात तिथंच. तेव्हा उठताना तुटलेला दोरा बोटांभोवती गुंडाळून खिशात घाला, शिशाच्या गोळ्या डब्यात ठेवा, आणि घरी गेल्यावर तो तंगूस कात्रीनं बारीक कापून मगच कचऱ्यात टाका.